नोकरी सांभाळून एलएलबी जमेल का? आणि सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) नक्की काय काय लागतं?

वसुलीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय, जरा लांबण लागलं तर समजून घ्या.

मी नाशिक जिल्ह्यात एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे, वय ३८. काम म्हणजे थकबाकीदारांना नोटिसा काढणं, सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यांसाठी सहायक निबंधक ऑफिसच्या चकरा मारणं आणि चेक बाऊन्सच्या १३८ च्या केसेसना संस्थेतर्फे तारखेला उभं राहणं. कोर्टाच्या व्हरांड्यात इतकी वर्षं काढली की आता बेलिफपासून शिरस्तेदारांपर्यंत सगळे ओळखतात. चेक परत आल्याचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे हे कधी कधी मलाच वकीलसाहेबांना फोन करून आठवण करावं लागतं, तेव्हा घरचे म्हणायला लागले की मग तूच का नाही करत वकिली. पहिल्यांदा हसण्यावारी नेलं पण आता डोक्यातून जातच नाहीये.

तर माझं बीए झालंय मुक्त विद्यापीठातून, ४९ टक्के. तीन वर्षांचं एलएलबी करायचंय. वयाची अट आहे का, सीईटी किती अवघड असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हजेरीचं काय, कारण नोकरी सोडणं शक्य नाही, घराचे हप्ते चालू आहेत. एकजण म्हणाले बाहेरून करता येतं, पत्राने, ते खरं आहे का? आणि डिग्री झाली की लगेच काळा कोट घालता येतो की अजून काही परीक्षा असते? इंग्रजी माझं बेताचं आहे हे पण सांगून ठेवते. जाणकारांनी प्लीज सांगा.

सेम_फाइव्ह

ताई मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि नोकरीपण करतोय, खासगी कंपनीत, शिफ्ट असते म्हणून जमतंय. वयाचं टेन्शन घेऊ नका, आमच्या वर्गात रिटायर्ड पोलीस आहेत, एक ग्रामसेवक आहेत, एक काकू आहेत ज्यांचा मुलगा इंजिनिअर झालाय. मध्ये बार कौन्सिलने तीन वर्षांच्या कोर्सला ३० आणि पाच वर्षांच्याला २० अशी वयाची मर्यादा आणली होती पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली, आणि आपल्याकडच्या सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही.

सीईटी घाबरण्यासारखी नाही. कायद्याची कलमं पाठ लागत नाहीत, लीगल अॅप्टिट्यूड, जीके आणि चालू घडामोडी, रिझनिंग आणि इंग्रजी एवढंच. निगेटिव्ह मार्किंग नाही त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका, आणि पेपर मराठीतपण दिसतो. इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीतच. खरी कसोटी नंतरच्या कॅप राऊंडची, म्हणजे कॉलेज वाटपाच्या केंद्रीय फेऱ्यांची असते. कॉलेजचे पसंतीक्रम भरताना लोक झोपा काढतात, पहिलं नाव टाकलं मोठ्या शहरातलं आणि लागलं ते दोनशे किलोमीटरवरचं. तुम्ही जिथून रोज ये-जा करू शकता तेवढीच कॉलेजं वर टाका, नाव मोठं आहे की छोटं ते सोडा. आणि राऊंड लांबत लांबत जातात, त्यामुळे पहिलं सेमिस्टर म्हणजे निम्मं प्रवेशातच संपतं, त्याची तयारी ठेवा.

टक्के तुमचे पुरेसे आहेत. ओपनला ४५, ओबीसीला ४२ आणि एससी एसटीला ४० लागतात.

निफाडकर

हजेरीचं काय एवढं मनावर घेताय. अर्ध्या कॉलेजात वर्गच भरत नाहीत. ओळख काढा, परीक्षेला जाऊन बसा, माझ्या चुलत भावाने असंच केलं आणि आज सनद भिंतीवर लावून बसलाय.

काळा_डगला

निफाडकर, तुमचा भाऊ सुटला म्हणून ताई सुटतीलच असं नाही, काळ बदललाय. मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो, इंटर्न म्हणून पोरं येतात त्यांची हालत बघतोय.

ताई, आधी ते पत्राने करायचं डोक्यातून काढून टाका. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे लीगल एज्युकेशनचे २००८ चे नियम आहेत, सगळा खेळ त्यावर चालतो, कुठलंही विद्यापीठ असो. पत्राने किंवा ऑनलाइन केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. कुणी जाहिरात दाखवली की घरबसल्या एलएलबी, तर ती बहुतेक एखादा डिप्लोमा असतो, नाहीतर सरळ फसवणूक. वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत घ्यायचे असंही त्यात लिहिलंय, म्हणजे जुन्या काळी ऑफिस सुटल्यावर रात्रीचं लॉ कॉलेज असायचं तो प्रकार आता नाही. सकाळची बॅच मात्र बऱ्याच ठिकाणी असते, तुम्हाला तीच बघायला लागेल.

हजेरी प्रत्येक विषयात ७० टक्के. एखाद्याला खरंच अडचण आली, आजारपण वगैरे, तर प्राचार्य कारण नोंदवून परीक्षेला बसू देऊ शकतात पण तेव्हाही सगळे विषय मिळून ६५ भरावे लागतात. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने सगळ्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना परिपत्रक पाठवलंय, बायोमेट्रिक हजेरी लावा, सीसीटीव्ही बसवा, आणि विद्यार्थ्याकडून लिहून घ्या की एकाच वेळी दुसरी रेग्युलर डिग्री चालू नाही, गुन्हा दाखल असेल तर सांगा, आणि नोकरी करत असाल तर तेही सांगा आणि मालकाची एनओसी आणा. आता हे प्रत्येक कॉलेज किती काटेकोर पाळतं हा भाग वेगळा, पण कागद तुमच्या सहीचा असतो, कॉलेजच्या नाही. उद्या कुणी तक्रार केली तर खोटं लिहून दिलं म्हणून तुम्हीच अडकणार. त्यामुळे संस्थेच्या चेअरमन साहेबांना आधीच सांगा, ड्युटी अकरा ते सहा करून घ्या, एनओसी लेखी घ्या. पतसंस्थेला पण फायदाच आहे की, घरचा माणूस कायदा शिकतोय.

अभ्यासक्रम थोडक्यात सांगतो. सहा सेमिस्टर. २० पेपर कम्पल्सरी, कॉन्ट्रॅक्टचे दोन, फॅमिली लॉचे दोन, घटनेचे दोन, लेबरचे दोन, फौजदारीचे दोन, मग टॉर्ट (नुकसानभरपाईचा कायदा), प्रॉपर्टी, पुरावा, सीपीसी (दिवाणी दाव्यांची प्रक्रिया), कंपनी, टॅक्स, पर्यावरण, प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि ज्युरिसप्रुडन्स. हा शेवटचा भल्याभल्यांना रडवतो, त्यात पास झालात की समजा निम्मी लढाई झाली. त्याशिवाय किमान सहा ऑप्शनल. आणि चार प्रॅक्टिकलचे पेपर, ड्राफ्टिंग, प्रोफेशनल एथिक्स, एडीआर (कोर्टाबाहेर वाद मिटवणं) आणि मूट कोर्ट (सरावाचा खटला)-इंटर्नशिप.

हे चार पोरं ऑप्शनला टाकल्यासारखे करतात, जर्नल कॉपी करून मोकळे, आणि माझ्याकडे आले की वादपत्र आणि कैफियत यातला फरक सांगता येत नाही. मूटच्या पेपरात एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन केसेस कोर्टात बसून बघायच्या असतात आणि त्याची नोंद लिहायची असते, त्याला ३० मार्क. तीन मूटना ३०, अशिलाशी कसं बोलायचं, केसची तयारी कशी करायची आणि इंटर्नशिपची डायरी याला ३०, तोंडी १० ची. ताई तुमचं निम्मं आयुष्य कोर्टात गेलंय, तुम्हाला तर हे पेपर म्हणजे घरचं कार्य. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. म्हणजे शेवटच्या वर्षात सगळी एकदम उरकू म्हणाल तर नाही चालणार, दर वर्षी थोडी थोडी करा. त्या रजा आत्तापासून शिल्लक टाका.

सनद आणि नोकरीचं रात्री लिहितो, आत्ता अकराची तारीख आहे.

वसुलीवाली

बापरे, एवढं सविस्तर! काळा डगला सर खूप खूप आभार. ड्युटी अकरा ते सहा होऊ शकते, आमचे मॅनेजर चांगले आहेत. ज्युरिसप्रुडन्स म्हणजे काय ते आत्ता गुगल केलं आणि अजूनही कळलं नाही 😀

सेम_फाइव्ह

ताई परीक्षा झाल्यावर पण कळत नाही, काळजी नसावी.

एक अजून, पुस्तकं सेकंडहँड घेताना सांभाळा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स अॅक्ट जाऊन भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम आलेत, सीनियर लोक जुनी पुस्तकं गळ्यात मारतात. पण जुनं पूर्ण फेकूनही चालत नाही कारण त्या तारखेच्या आधीचे गुन्हे जुन्याच आयपीसीने चालतात, कोर्टात अजून वर्षानुवर्षं दोन्ही राहणार. चारसोबीस आता ३१८(४) झालंय आणि ३०२ चं १०३, तरी आमच्या वर्गातले रिटायर्ड पोलीस काका जुनेच आकडे बोलतात आणि सर पण बोलता बोलता त्यांच्याबरोबर वाहत जातात.

रोजनामा

ताई, मी मध्ये पडते, कारण एक गोष्ट कुणी विचारली नाही. तुमचं बीए मुक्त विद्यापीठाचं आहे, ठीक आहे, त्याने काही बिघडत नाही. पण त्याआधी बारावी झालेली आहे का? की दहावीनंतर पूर्वतयारी करून बीएला प्रवेश घेतला होता?

वसुलीवाली

बारावी नाही हो. अकरावीतच लग्न झालं, मग सगळंच राहिलं. नंतर मुलं शाळेत जायला लागल्यावर पूर्वतयारी परीक्षा देऊन बीए केलं. का? त्याने काही होतं का? बीएची डिग्री तर सगळीकडे चालते ना, एमपीएससीला पण चालते म्हणतात.

रोजनामा

मला हीच भीती होती. नीट वाचा, घाबरू नका, पण आत्ता कळलेलं बरं.

एलएलबीसाठी नुसती डिग्री असून भागत नाही, ती १०+२+३ अशी शिडी चढून आलेली लागते. त्याच २००८ च्या नियमांत नियम ५ आहे, त्यात म्हटलंय की पत्राने, बाहेरून बारावी किंवा पदवी केलेली असेल तरी चालेल. पण त्याखाली एक स्पष्टीकरण दिलंय की मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतली असेल तर तो माणूस कायद्याच्या कोर्सला पात्र नाही. म्हणजे बारावी करून मग मुक्तमधून बीए केलेले पात्र आणि पूर्वतयारीवरून बीए केलेले बाहेर. दोघांच्या डिग्रीचा कागद एकसारखा, विद्यापीठ तेच, पुस्तकं तीच. मला हा नियम पटत नाही, स्पष्टच सांगते. ज्या बायकांची शाळा लग्नापायी सुटली, ज्यांना रोजगारासाठी सोडावी लागली, त्यांच्यासाठीच तर मुक्त विद्यापीठ काढलं ना. पण नियम आहे आणि तो तुम्हालाच आडवा येणार.

यात सगळ्यात वाईट म्हणजे हे कधी कधी प्रवेशाच्या वेळी लक्षात येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचा प्रवेश झाला, तीन वर्षं फी भरली, सगळे पेपर सुटले, आणि सनदेच्या अर्जाला दहावी बारावी पदवी सगळ्या मार्कशीट लावायच्या असतात तिथे गाडी थांबली. कॉलेजने हात वर केले. त्या आज एका ऑफिसात टायपिंग करतात, एलएलबी असून. त्यामुळे कॉलेजचा क्लार्क म्हणाला की होतंय हो मॅडम, तर त्याच्या भरवशावर एक रुपया भरू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला लेखी अर्ज करून तुमच्या मार्कशीटच्या झेरॉक्स जोडून विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या.

वसुलीवाली

काय बोलू कळत नाहीये. म्हणजे बीए करायला जी वर्षं गेली ती पाण्यात? आता यावर काहीच उपाय नाही का? आता बारावी दिली तर?

निफाडकर

हे भलतंच आहे राव. आमदार होता येतं दहावी नापासला आणि वकील होता येत नाही बीएला.

काळा_डगला

रोजनामा ताईंनी बरोब्बर बोट ठेवलंय. मी मुक्त विद्यापीठ वाचलं आणि पुढे गेलो, पूर्वतयारी हा शब्द आला असता तर मीही तिथेच थांबलो असतो.

आता बारावी दिली तर काय, याचं सरळ उत्तर असं की आता बारावी दिल्याने तुमचं जुनं बीए आपोआप शुद्ध होत नाही, कारण क्रम दहावी, बारावी, मग पदवी असा लागतो आणि तुमची बारावी पदवीच्या नंतरची होईल. यावर भांडता येईल, लोक कोर्टात जातात, पण त्या भांडणावर तुम्ही तीन वर्षं आणि फी लावू नये असं माझं मत. अशील म्हणून माझ्याकडे आला असता तरी हेच सांगितलं असतं.

पण दुसरा रस्ता आहे आणि तो सरळ आहे. बारावी द्या, आणि तीन वर्षांच्या नाही, पाच वर्षांच्या कोर्सला जा. बीए एलएलबी. त्याला पदवी लागतच नाही, फक्त बारावी, ओपनला ४५ टक्के. जुनं बीए मधे येतच नाही, बाजूला ठेवून द्या. वयाचं वर आलंच आहे, पाच वर्षांच्या सीईटीला पण वरची मर्यादा नाही. हिशोब करा, बारावी करून परत बीए करायचं ठरवलं तर तीन वर्षं आणि पुढे एलएलबीची तीन, सहा झाली. पाच वर्षांच्या कोर्सने एक वर्ष वाचतं आणि शिडीबद्दल कुणी प्रश्न विचारणार नाही. अठरा वर्षांच्या पोरांच्यात बसावं लागेल, एवढंच.

इंटर्नशिप मात्र तिथे २० आठवडे. सीईटीत थोडं गणितपण असतं.

जुना_बीएसएल

मी पुण्यात शिकलो तेव्हा पाच वर्षांच्या कोर्सला बीएसएल एलएलबी म्हणायचे, मुंबईत बीएलएस. आमच्या वर्गात पण दोन गृहस्थ होते केस पिकलेले, सगळ्यात चांगल्या नोट्स त्यांच्याच असायच्या आणि परीक्षेच्या आधी सगळं हॉस्टेल त्यांच्या दारात. लाजू नका ताई.

भाचा_बारावी

थ्रेड हायजॅक करतोय सॉरी, पण पाच वर्षांचा विषय निघालाच आहे म्हणून. मी बीए एलएलबी दुसऱ्या वर्षाला आहे, मला आता कंटाळा आलाय, यूपीएससी करायचीय. तिसरं वर्ष झालं की बीएची डिग्री घेऊन बाहेर पडता येतं ना? एका मित्राने सांगितलं की नव्या शैक्षणिक धोरणात मधेच बाहेर पडायची सोय आहे.

जुना_बीएसएल

आमच्या वेळी तीन वर्षांनी बीएसएलची पदवी हातात यायची, बरेच जण तेवढ्यावर एमपीएससी, बँका वगैरे करायचे. तुझा मित्र बहुतेक कुणा काकांचं ऐकून सांगतोय.

रोजनामा

आता नाही रे. इंटिग्रेटेड डिग्री मधे तोडून अर्धी देता येत नाही, तसाच मधे आत पण येता येत नाही. म्हणजे कुणी पदवीधर म्हणाला की मला थेट चौथ्या वर्षाला घ्या, तेही बंद. नियम १३. नव्या धोरणात ती मधेच बाहेर पडायची सोय आहे खरी पण उच्च शिक्षणाच्या त्या सगळ्या नव्या रचनेतून वैद्यकीय आणि विधी शिक्षण बाहेर ठेवलंय, आपल्याला बार कौन्सिलच लागू. सोडलंस तर हातात बारावी. यूपीएससीला पदवी लागते, त्यामुळे एकतर पाच वर्षं रेट, नाहीतर आत्ताच सोडून साधं बीए धर. चौथ्या वर्षाला जाऊन सोडू नकोस म्हणजे झालं. आणि घटना, प्रशासकीय कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा हे सगळं यूपीएससीला लागतंच की, इतका कंटाळा कसला आला?

भाचा_बारावी

सीपीसीचा 🙏

काळा_डगला

काल सनदेचं राहिलं होतं ते लिहितो, ताईंनी पाच वर्षांचं ठरवलं तरी शेवटी इथेच यायचंय.

डिग्री आणि सनद या दोन वेगळ्या गोष्टी. विद्यापीठ डिग्री देतं, सनद बार कौन्सिल देते, आणि दोघांचं एकमेकांना बंधन नाही हे रोजनामा ताईंच्या ओळखीच्या बाईंवरून दिसलंच. निकाल लागला की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. पूर्वी याचे भरमसाट पैसे घ्यायचे, राज्याराज्यात वेगळे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या फीच्या वर घ्यायचं नाही, म्हणजे ओपनला सगळी मिळून ७५० रुपये आणि एससी एसटीला १२५. कुणी हजारो मागितले तर हा निकाल दाखवा.

मग ऑल इंडिया बार एक्झाम, एआयबीई. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत पास व्हावी लागते. शंभर प्रश्न, पर्यायी उत्तरांचे, ओपनला ४५ टक्के लागतात आणि एससी एसटीला ४०. बेअर अॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याची पुस्तकं, आत नेता येतात, फक्त त्यावर काही खरडलेलं नको. मराठीतून देता येते, म्हणजे तुमचं इंग्रजीचं दुखणं इथे नाही. लोक ओपन बुक म्हणून गाफील राहतात आणि पुस्तक चाळण्यातच वेळ संपतो. ही परीक्षाच नको म्हणून मोठी भांडणं झाली होती, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली, तेव्हा तो विषय संपला.

आता नोकरी. शिकताना नोकरी चालते, एनओसी घेऊन. पण सनद घेऊन वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, हा बार कौन्सिलचा नियम ४९. म्हणजे पतसंस्थेत पगार पण घ्यायचा आणि कोटही घालायचा, हे नाही होणार. सनदेच्या अर्जात तसं लिहून द्यावं लागतं. तेव्हा शेवटी नोकरी सोडायचा दिवस येणारच, फक्त तो पाच सहा वर्षं पुढे आहे, तोवर हप्ते उरकतील का ते बघा. नोकरी सोडून त्याच पतसंस्थेच्या पॅनेलवर वकील म्हणून जाता येईल ना, १०१ आणि १३८ तुमच्याइतकं माहीत असलेला ज्युनियर मला आजवर मिळालेला नाही.

कुणाला न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर तेही सांगून ठेवतो, मे २०२५ पासून सुप्रीम कोर्टाने जेएमएफसीसाठी, म्हणजे खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी, तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीय. डिग्री झाली की क्लास लावून थेट परीक्षा, ते दिवस गेले.

भाषेचं म्हणाल तर तालुक्याच्या कोर्टात मराठीच चालतं. वादपत्र, कैफियत, जामीन अर्ज, प्रतिज्ञापत्र सगळं मराठीत लिहितो आम्ही. पण निकाल वाचायला इंग्रजी लागतंच, हायकोर्टाचं सुप्रीम कोर्टाचं सगळं इंग्रजीत. रोज एक निकाल वाचायची सवय लावा, कळो न कळो. आणि विद्यापीठाची परीक्षा मराठीत लिहिता येते का ते त्या त्या विद्यापीठाचं वेगळं असतं, कॉलेजला विचारून घ्या.

सेम_फाइव्ह

फीचं एक राहिलं. अनुदानित कॉलेज आणि विनाअनुदानित यांच्या फीत जमीन अस्मानाचा फरक आहे, पसंतीक्रम भरताना अनुदानित कुठलं ते शोधून वर टाका. आणि प्रवेश कॅपमधूनच घ्या, महाडीबीटीवर शाहू महाराज शिष्यवृत्ती असते, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, पण मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की ती गेली. जुलै २०२४ च्या जीआरने मुलींना व्यावसायिक कोर्सला फी माफीपण आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीला, तीही कॅपचीच. ताई तुम्ही कुठल्या प्रवर्गात आहात माहीत नाही पण कॉलेजात जाऊन हे नक्की विचारा.

निफाडकर

आणि ताई वकिलीचं नाहीच जमलं तर जीडीसी अँड ए करा. सहकार खात्याची परीक्षा, तुमचं बीए त्याला चालेल, सहकारातले कायदे, लेखापरीक्षण सगळं त्यात आहे आणि पुढे सोसायट्यांची ऑडिटं करता येतात. वसुलीवाल्या माणसाला एलएलबीपेक्षा तेच बरं असं माझं मत. मी केलंय म्हणून सांगतोय, हजेरी वगैरे भानगड नाही.

रोजनामा

निफाडकर पहिल्यांदा कामाचं बोलले 😄 खरंच चांगला सल्ला आहे, आणि बारावीच्या अभ्यासाबरोबर ते होऊ शकतं.

वसुलीवाली

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. काल रात्री खूप वाईट वाटलं होतं, आमचे हे म्हणाले जाऊ दे आता, झालं तेवढं पुष्कळ झालं. पण सकाळी मुलीनेच विषय काढला. ती यंदा अकरावीला आहे, म्हणते आई आपण दोघी बरोबर बारावी देऊ, माझे क्लासचे नोट्स तू वापर, झेरॉक्सचे पैसे तू दे.

तर आता प्रश्न असा की बारावी कुठून देऊ? एकाने एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) सांगितलं, एकाने राज्य मंडळाची बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबर फॉर्म. कुठलं केलं तर पुढे परत हेच झंझट होणार नाही?

रोजनामा

वा, मुलगी हुशार आहे.

दहावी तुमची रीतसर बोर्डाची आहे ना, मग दोन्ही चालायला हवं, बाहेरून केलेली बारावी नियमाला मान्यच आहे. एनआयओएसला विषय निवडायची जास्त मोकळीक असते आणि परीक्षा वर्षातून दोनदा येते, नोकरी करणाऱ्याला ते सोयीचं. पण तुमच्या जागी मी असते तर राज्य मंडळाचाच १७ नंबर भरला असता, कारण तुमच्या फाइलमध्ये आधीच एक मुक्त विद्यापीठ आहे, त्यात अजून एक ओपन काहीतरी दिसलं की टेबलावरचा माणूस उगाच प्रश्न विचारणार आणि त्याला समजावत बसण्यात तुमचं वर्ष जायचं. आर्ट्स घ्या, ४५ टक्के लागतात पण ६० चं धोरण ठेवा. फॉर्म पावसाळ्यात भरायचे असतात, मंडळाच्या साइटवर तारीख येते, ती चुकवू नका, लेट फी लागते. जवळच्या ज्युनियर कॉलेजला संपर्क केंद्र म्हणून निवडायचं असतं, तिथल्या क्लार्कशी आधीच बोलून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला अकरावीच्या कॉलेजचा की शाळेचा, मूळ कुठे पडलाय ते आजच शोधा, सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

आणि बार कौन्सिलला ते लेखी पत्र टाकाच, पाच वर्षांच्या कोर्सबद्दल विचारून. दहावी बोर्डाची, बारावी १७ नंबरची, मधलं बीए पूर्वतयारीवरचं, असं सगळं स्पष्ट लिहा, काही लपवू नका. पोच घेऊन ठेवा.

वसुलीवाली

दाखला शाळेतच असणार, शाळा माहेरी निफाड तालुक्यात आहे, शनिवारी जाऊन येते. पत्राचा मसुदा मी मराठीत करून इथे टाकते, नावं गावं काढून, जरा नजर टाकाल का?

काळा_डगला

टाका. नोटिसा लिहून हात बसलाय तुमचा, फारसं काही सुधारावं लागणार नाही. फक्त विषयाच्या ओळीत नियम ५ चा उल्लेख करा आणि प्रश्न एकच विचारा, चार विचारलेत तर सोप्याचं उत्तर देतील आणि बाकीचे तसेच राहतील.